चार्जिंग चालू, नकाशा गायब: फोन आणि गाडीच्या पडद्यामधली केबल का दगा देते?

मुंबईहून पुण्याकडे येताना द्रुतगती मार्गावर लोणावळ्याचा फाटा जवळ येतो आणि नेमका त्याच वेळी डॅशबोर्डवरचा नकाशा नाहीसा होतो. गाणं थांबतं, पडद्यावर गाडीचा नेहमीचा मेनू येतो. फोन मात्र केबलला जोडलेलाच असतो आणि चार्जिंगची खूणही दिसत असते. थोड्या वेळाने सगळं आपोआप परत येतं, पण तोवर फाटा मागे पडलेला असतो. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे फोनवरचा नकाशा आणि गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय, केबलने वापरणाऱ्या पुष्कळ लोकांची ही तक्रार आहे. मग कोणी नवा फोन घ्यायचा विचार करतं, कोणी गाडीची अख्खी टचस्क्रीन बदलायला निघतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हजारो रुपये खर्च करण्याआधी मधल्या तारेकडे आणि तिच्या दोन टोकांकडे नीट पाहा. अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीचा दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो, आणि तो शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही.

केबलमधून नेमकं काय जातं?

कारप्ले हे नाव ॲपलने मार्च २०१४ मध्ये जाहीर केलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये गूगलने अँड्रॉइड ऑटो दाखवलं. दोन्हींची कल्पना एकच. गाडीचा पडदा इथे फक्त पडद्याचं काम करतो. रस्ता शोधणं, गाणं निवडणं, मेसेज वाचून दाखवणं हे सगळं फोन करतो. फोन त्याचं चित्र तयार करतो, ते व्हिडिओसारखं आकसून केबलमधून गाडीला पाठवतो, आणि तुम्ही पडद्यावर कुठे बोट लावलं ते गाडी फोनला उलट कळवते. डॅशबोर्डमागे बसलेल्या या गाडीच्या संगणकाला हेड युनिट म्हणतात. म्हणजे प्रवासभर त्या केबलमधून एक थेट प्रक्षेपण अखंड चालू असतं.

आता केबलच्या आत पाहू. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्टची वीज येते आणि काळीतून परत जाते. हिरवी आणि पांढरी या दोन तारा माहितीची ने-आण करतात. नव्या टाइप-सी तोंडात २४ पिना असल्या तरी फोन आणि गाडीचं हे काम सहसा त्या दोन माहितीच्या तारांवरच चालतं.

इथेच सगळी गफलत होते. चार्जिंग होतंय याचा अर्थ लाल-काळी जोडी शाबूत आहे, एवढाच. हिरव्या-पांढऱ्या जोडीबद्दल ती खूण काहीच सांगत नाही. गळक्या पाइपनेही गच्चीवरची टाकी भरते, उशिरा भरते इतकंच. पण तोंडी सांगितलेल्या मोबाइल नंबरातला एक अंक ऐकू आला नाही तर फोन लागतच नाही. वीज ही टाकी भरण्यासारखी आहे, माहिती त्या नंबरासारखी.

काही केबलमध्ये तर माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. ट्रिमर, नेकबँड, पॉवर बँक यांच्यासोबत येणाऱ्या केबल बरेचदा अशा निव्वळ चार्जिंगच्या असतात. बाहेरून त्या हुबेहूब इतर केबलसारख्याच दिसतात. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्याच केबलने फोन लॅपटॉपला जोडा आणि फोनवर फाइल पाठवण्याचा पर्याय निवडा. लॅपटॉपवर फोटो दिसले तर माहितीच्या तारा आहेत. काहीच दिसलं नाही तर ती केबल चार्जरपुरती ठेवा.

तुटल्यावर लगेच का जोडलं जात नाही?

केबल खोचल्यापासून नकाशा दिसेपर्यंत बऱ्याच गोष्टी घडतात. आधी हेड युनिट विचारतं, तू कोण? फोन साधा फोन म्हणून ओळख देतो. अँड्रॉइड फोन असेल तर गाडी त्याला खास जोडणीच्या पद्धतीत यायला सांगते. या पद्धतीचा पाया गूगलने २०११ मध्ये घातला. मग फोन यूएसबीवरून स्वतःला तोडून घेतो आणि नव्या ओळखीने पुन्हा जोडला जातो. त्यानंतर सुरक्षिततेची देवाणघेवाण होते, मग चित्र सुरू होतं.

आयफोनचं प्रकरण आणखी नाजूक आहे. सुरुवातीला गाडी ही यूएसबीची मुख्य बाजू असते आणि फोन तिला जोडलेलं उपकरण. कारप्ले सुरू होताना या भूमिका उलटतात, फोन मुख्य होतो आणि गाडी त्याला जोडलेलं उपकरण बनते. मधे साधा यूएसबी हब (एका सॉकेटची अनेक सॉकेट करणारी डबी) किंवा स्वस्तातला जोड लावलेला असेल तर त्याला ही अदलाबदल झेपत नाही. म्हणूनच हब लावल्यावर फोन चार्ज होतो, पण कारप्ले येत नाही.

संपर्क क्षणभर तुटला की हा सगळा क्रम पहिल्यापासून होतो. जास्तीचे सेकंद जातात ते इथे. आणि क्षणभर म्हणजे खरोखरच क्षणभर. वेगवान यूएसबी जोडणीत मुख्य बाजू सेकंदाला ८,००० वेळा ठोका देत असते आणि त्याच लयीत समोरचं उपकरण जागेवर आहे का ते तपासत असते. माहितीचा एखादा तुकडा खराब आला तर तो पुन्हा मागवून घ्यायची सोय आहे, त्यामुळे किरकोळ चुका आपल्याला कळतही नाहीत. पण पिन हलून संपर्कच सुटला तर ती सोय निरुपयोगी ठरते. डोळ्याला चार्जिंगची खूण लवलेली दिसणार नाही इतक्या कमी वेळात जोडणी तुटलेली असते.

खड्डा, घाट आणि सैल झालेली पिन

गतिरोधकावर, खड्ड्यात किंवा घाटातल्या वळणावर नकाशा जात असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. हा हलण्याशी संबंधित दोष आहे आणि तो तीनपैकी एका ठिकाणी असतो: फोनचं तोंड, केबलचं टोक किंवा गाडीतलं सॉकेट.

फोनच्या तोंडापासून सुरुवात करा. खिशात किंवा पर्समध्ये राहणाऱ्या फोनच्या तोंडात कापडाचे तंतू जातात. केबल खोचताना ते दर वेळी आणखी आत दाबले जातात आणि तळाशी घट्ट थर बसतो. मग केबल पूर्ण आत जात नाही. बसल्याचा टक् असा स्पर्श जाणवत नसेल किंवा टोक किंचित बाहेर राहत असेल तर हाच प्रकार समजा. फोन बंद करून लाकडी टूथपिकने, टॉर्चच्या उजेडात, कडेकडेने हलक्या हाताने तो थर बाहेर काढा. टाचणी किंवा सेफ्टी पिन वापरू नका, आतल्या धातूच्या पट्ट्या वाकतात. तोंडाने फुंकरही मारू नका, तिच्यातून ओलावा आत जातो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे पिनांवर गंज चढतो, पावसाळ्यात फोन स्वतःच ओलाव्याची सूचना देतो. तेव्हा फोन पूर्ण सुकू द्यावा, ती सूचना बाजूला सारून केबल खोचू नये.

गाडीच्या सॉकेटची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जुन्या चौकोनी, म्हणजे टाइप-ए सॉकेटने मानकानुसार किमान १,५०० वेळा खोचणं-काढणं सहन करावं अशी अपेक्षा आहे. टाइप-सी साठी हाच आकडा १०,००० आहे. रोज ऑफिसला जाताना आणि येताना मिळून दोनदा केबल काढली-घातली तर १,५०० चा टप्पा दोन वर्षांच्या आसपास येतो. त्या दिवशी सॉकेट बंद पडतं असं नाही, पण आतल्या पट्ट्यांची पकड सैल होत जाते. त्यामुळे केबलचं गाडीकडचं टोक कायम खोचलेलंच राहू द्या आणि रोज फक्त फोनकडचं टोक काढा. फोनचं तोंड टाइप-सी असेल तर झीज सोसायची ताकद त्याच्यात जास्त आहे, शिवाय केबल खराब झाली तरी ती बदलता येते. गाडीचं सॉकेट बदलायचं तर कन्सोल, म्हणजे पुढच्या दोन सीटमधला भाग, उघडावा लागतो.

दोष नेमका कुठे आहे ते पाहायला गाडी सावलीत उभी करा, इंजिन सुरू ठेवा आणि पडद्यावरून एखादं गाणं लावा. आता फोनकडचं टोक दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. मग गाडीकडचं टोक. शेवटी केबल दोन्ही टोकांपाशी, जिथे ती प्लगमध्ये शिरते तिथे, थोडी वाकवून पाहा. कुठे हलवल्यावर गाणं थांबलं ते लक्षात ठेवा. प्लगपाशी वाकवल्यावर थांबलं तर आतली तार तुटत आली आहे आणि केबल टाकून द्यायची वेळ झाली. गाडीकडच्या टोकाला थांबलं तर आधी दुसऱ्या केबलने तीच चाचणी करा. दुसऱ्या केबललाही तेच झालं तर सॉकेट सैल आहे.

केबल सगळ्या सारख्याच की!

हा आक्षेप फार ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. टाइप-सी केबल बाजारात नव्या होत्या तेव्हा, २०१५ मध्ये, गूगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग यांनी ऑनलाइन मिळणाऱ्या केबल स्वतः विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. पुष्कळ केबल मानकात बसत नव्हत्या. २०१६ च्या सुरुवातीला तर आतल्या तारा उलटसुलट जोडलेली एक केबल लावताच त्यांचा तपासणीचा लॅपटॉपच निकामी झाला. त्यानंतर ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबल विकायला बंदी घातली. आज परिस्थिती सुधारली आहे, पण सिग्नलला खिडकीतून विकली जाणारी केबल कोणी तपासलेली नसते.

याचा अर्थ सर्वात महाग केबल घ्या असा नाही. २४० वॉटची, ४० गिगाबिटची जाडजूड केबल इथे कामाची नाही, उलट तिचा ताठपणा आणि वजन पिनेवर ताण देतं. साधी, माहिती वाहून नेणारी, मानकाचं प्रमाणपत्र असलेली, मऊ आणि आखूड केबल घ्या. कन्सोलमध्ये जागा कमी असेल आणि केबल काटकोनात दाबली जात असेल तर एल आकाराच्या टोकाची बघा.

आखूड या शब्दावर माझा जोर आहे. केबलची तार जितकी बारीक आणि लांब तितकी वीज वाटेत जास्त खर्च होते. समजा केबल २ मीटरची आहे आणि वीज वाहणारी तार २८ गेजची, म्हणजे स्वस्त केबलमध्ये असते तशी बारीक. जाता-येता मिळून ४ मीटर तार झाली, तिचा रोध सुमारे ०.८५ ओहम. फोनने अर्धा अँपिअर ओढला तर वाटेतच ०.४३ व्होल्ट कमी होतात. दीड अँपिअर ओढायचा प्रयत्न केला तर जवळपास १.३ व्होल्ट, म्हणजे ५ पैकी फोनपर्यंत पोहोचणार पावणेचारसुद्धा नाहीत. फोन हे ओळखून कमी वीज ओढतो, त्यामुळे चार्जिंग रेंगाळतं. आणि काळी तार ही माहितीच्या सिग्नलचीही आधाररेषा असते, तिच्यावर ताण आला की सिग्नलही डळमळतो. तीच केबल १ मीटरची आणि २४ गेजच्या जाड तारेची घेतली तर दीड अँपिअरलाही फक्त पाव व्होल्ट जातो.

गूगलचाही सल्ला आहे की अँड्रॉइड ऑटोसाठी केबल १ मीटरपेक्षा आखूड असावी, मधे हब किंवा एक्स्टेंशन लावू नये.

पण हीच केबल दुसऱ्या गाडीत नीट चालते, मग?

तरीही केबल कमकुवत असू शकते. कारण तुम्हाला दिसते ती केबल म्हणजे अर्धाच रस्ता. कन्सोलमधल्या सॉकेटपासून डॅशबोर्डमागच्या हेड युनिटपर्यंत आणखी एक केबल आतून गेलेली असते. सिग्नलला दोन्ही पार करून जावं लागतं. एका गाडीत ही आतली केबल हातभर असेल, दुसरीत सॉकेट मागे आर्मरेस्टखाली असल्याने बरीच लांब. जेमतेम चालणारी केबल पहिल्या गाडीत निभावून जाते, दुसरीत नाही. बाहेरून ॲक्सेसरीजच्या दुकानात म्युझिक सिस्टीम बसवलेली असेल तर पाहणं अधिकच गरजेचं, कारण तिथे मागची यूएसबी वायर ग्लोव्ह बॉक्सपर्यंत आणायला एक्स्टेंशन लावलेलं असतं. ते काढून फोन थेट मूळ वायरला जोडून पाहा.

आणि गाडीतलं सॉकेट बरोबर आहे ना? बऱ्याच गाड्यांत दोन-तीन सॉकेट असतात, त्यातलं एकच हेड युनिटला जोडलेलं असतं. बाकीची फक्त चार्जिंगची. फोनचं किंवा यूएसबीचं चिन्ह असलेलं सॉकेट माहितीचं, बॅटरी किंवा विजेचं चिन्ह असलेलं चार्जिंगचं. मागच्या सीटची सॉकेट सहसा चार्जिंगपुरतीच असतात.

इंजिन सुरू करतानाच जोडणी बिघडत असेल तर कारण वेगळं आहे. स्टार्टर फिरतो तेव्हा १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोठा भार येतो आणि व्होल्टेज क्षणभर खाली जातं. बॅटरी जुनी असेल तर हेड युनिट गोंधळतं किंवा नव्याने सुरू होतं. आधी इंजिन सुरू करा, पडदा पूर्ण जागा होऊ द्या आणि मग फोन जोडा. एवढ्याने प्रश्न सुटला तर पुढच्या सर्व्हिसिंगला बॅटरी तपासून घ्या.

अर्ध्या तासाने तुटतं तेव्हा

सुरुवातीला सगळं सुरळीत आणि बऱ्याच वेळाने तुटणं सुरू, तेही दुपारी जास्त? मग उष्णतेचा संशय घ्या. फोन एकाच वेळी उपग्रहाचे संकेत घेतो, मोबाइल डेटा वापरतो, चित्र तयार करून पाठवतो आणि चार्जही होत असतो. ॲपलच्या शिफारशीनुसार आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. विदर्भात मे महिन्यात बाहेरचाच पारा ४५ अंशांपुढे जातो, काचेखाली उन्हात ठेवलेल्या फोनचं काय होत असेल! तापलेला फोन आधी चार्जिंग थांबवतो, मग कामाचा वेग कमी करतो, चित्र अडखळतं आणि जोडणी सुटते. फोन डॅशबोर्डवरून खाली सावलीत घ्या, जाड कव्हर काढा, शक्य असेल तर एसीचा झोत मिळेल असा ठेवा. कन्सोलमधला कप्पा वायरलेस चार्जिंगचा असेल तर केबल लावलेला फोन त्यावर ठेवू नका.

अपडेट आल्यापासूनच बिघडलं, मग दोष केबलचा कसा?

अपडेटने खरंच बिघाड होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांची खूण वेगळी असते. अपडेटचा दोष असेल तर गाडी उभी असतानाही जोडणी होत नाही, किंवा दर वेळी एकाच ठिकाणी अडते, खड्ड्याशी त्याचा संबंध नसतो. तशी खूण असेल तर फोनकडे वळा.

अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनच्या आतच असतं, त्याचं वेगळं चिन्ह दिसलं नाही तरी सेटिंगमध्ये शोधल्यावर सापडतं. तिथे जुन्या गाड्या यादीतून काढून टाका, ॲपचा साठवलेला डेटा पुसा, आणि गाडीच्या पडद्यावरूनही आपला फोन काढून नव्याने जोडा. दोन्हीकडून काढणं महत्त्वाचं, एका बाजूला जुनी नोंद राहिली तर तोच घोळ पुन्हा होतो. बॅटरी वाचवण्याची सोय अँड्रॉइड ऑटोसाठी बंद करा. केबल लावल्यावर फोन फक्त चार्जिंग निवडत असेल तर तेही बदला. नव्या आवृत्त्यांत अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्येच केबल तपासण्याची सोय दिलेली आहे, ती वापरा.

आयफोनवर सिरी, म्हणजे त्यातली बोलून काम सांगायची सोय, चालू असावी लागते, नाहीतर कारप्ले येत नाही. सेटिंगमध्ये कारप्लेच्या पानावर आपली गाडी निवडून ती विसरायला सांगा आणि पुन्हा जोडा. फोन कुलूपबंद असतानाही कारप्ले चालू द्यायची परवानगी तिथेच आहे. मुलांसाठी स्क्रीन टाइमचे निर्बंध लावले असतील तर त्यात कारप्ले अडकलेलं नाही ना, ते बघा.

नकाशा आणि गाणी ठीक, पण फोन कॉलचा आवाज गाडीत येत नाही, अशी तक्रार अँड्रॉइडवर असेल तर केबलला सोडून द्या. अँड्रॉइड ऑटो केबलने चाललं तरी कॉलचा आवाज ब्लूटूथवरून जातो. ब्लूटूथची जोडणी काढून नव्याने करा.

फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करायचा सल्ला कोणी दिला तर तो सर्वात शेवटी. त्याआधी तोच फोन, तीच केबल घेऊन मित्राच्या गाडीत बसा, आणि मित्राचा फोन आपल्या गाडीत जोडा. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, फोन आणि सॉकेट एकदम बदललं आणि प्रश्न सुटला, तर कशाने सुटला ते कळत नाही आणि तो परत येतो.

मग वायरलेसच का घेऊ नये?

घ्यायला हरकत नाही, पण काय बदलतं ते समजून घ्या. वायरलेसमध्ये आधी ब्लूटूथवर ओळख होते आणि मग चित्र वाय-फायवरून जातं. पिन हलण्याचा प्रश्न जातो. त्याऐवजी फोन अधिक तापतो आणि चार्जिंगची सोय वेगळी करावी लागते. गाडीत मुळात वायरलेस नसेल तर बाजारात मिळणारा छोटा डोंगल लावावा लागतो, आणि तो गाडीच्या त्याच यूएसबी सॉकेटमध्ये बसतो. सॉकेट किंवा आतली केबल सदोष असेल तर डोंगलही तुटत राहील. दोष फोनच्या तोंडात किंवा बाहेरच्या केबलमध्ये असेल तेव्हाच डोंगलने फरक पडतो.

सर्व्हिस सेंटरला काय सांगायचं?

दोन चांगल्या केबल आणि दोन वेगळे फोन लावूनही तुमच्याच गाडीत जोडणी तुटत असेल तर दोष गाडीचा आहे. तिथे गेल्यावर नुसतं "कनेक्ट होत नाही" म्हणू नका. उभ्या गाडीत कोणी तपासलं तर सगळं ठीक दिसतं आणि गाडी तशीच परत मिळते. कुठले फोन, कुठल्या केबल लावून पाहिल्या, कधी तुटतं, सॉकेटपाशी हलवल्यावर काय होतं ते लिहून द्या, जमलं तर उभ्या गाडीत हलवून दाखवतानाचा व्हिडिओ द्या. तीन गोष्टी तपासायला सांगा: हेड युनिटचं नवं सॉफ्टवेअर आलं आहे का, डॅशबोर्डमागच्या यूएसबी केबलचं टोक घट्ट आहे का, आणि सॉकेटचा भाग सुटा बदलता येतो का. अनेक गाड्यांत तो सुटा बदलता येतो आणि अख्ख्या हेड युनिटच्या मानाने फार स्वस्त पडतो. थेट हेड युनिट बदला असं सांगितलं गेलं तर आधी सॉकेट बदलून पाहायचा आग्रह धरा.

दुरुस्ती होईपर्यंत एक गोष्ट आजच करून ठेवा. गूगल मॅप्समध्ये आपल्या भागाचा नकाशा फोनवर उतरवून घ्या आणि दिशा सांगणारा आवाज चालू ठेवा. पडदा गेला तर फोन धारकावर लावून आवाजावर गाडी चालवता येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या बदलानुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येतं. सुटलेली केबल चालत्या गाडीत वाकून खोचणं त्यात बसत नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर थांबा आणि मग जोडा.